रविवारची वजाबाकी

२० जुलै, रविवार

सव्वा सूत. पोरीनं पेपरात लिहिलं सव्वा सूत!

प्रश्न साधा होता. दोन छेद तीन वजा एक छेद दोन. वर्गातली छोटी परीक्षा, सहावीची. समीनं उत्तर लिहिलं, "सव्वा सूत अंदाजे". अंदाजे हा शब्दसुद्धा माझाच. बाईंनी लाल पेनानं भोवती मोठ्ठा गोल केलाय आणि शेजारी प्रश्नचिन्हं काढलीत.

शिकवलं मीच होतं. मागच्या रविवारी नगरच्या सिद्धीबागेत बसून खिशातली टेप काढली. म्हटलं, हे बघ समे, एका इंचाचे आठ सूत. अर्धा म्हणजे चार सूत. दोन तृतीयांश म्हणजे पाचाच्या थोडं वर. आता काढ वजा. एवढी वर्षं सुतारकाम करतोय, एकाही घराचं दार माझ्यामुळं अडलेलं नाही. मला वाटलं पोरीला सोपं करून सांगतोय.

पाचला सावेडीत सोडायला गेलो तर तिची आई फाटकातच उभी, हातात पेपर. (इथं तिला सु. लिहितो. पूर्ण नाव लिहिलं की पुढचं काही सुचत नाही.)

"हा गणिताचा पेपर आहे समीचे पप्पा, कपाटाचं माप नाही."

"उत्तर जवळपास बरोबर आहे की."

"गणितात जवळपास नसतं."

मग मुद्द्यावर आली. कोपऱ्यावर शिकवणी आहे, रविवारी दिवसभराची. घटक चाचणीत अपूर्णांक जमले नाहीत तर समीला तिथं घालणार. मला कोर्टात जायचं तर जा म्हणाली. समी आमच्या मधे उभी राहून चपलेनं माती उकरत होती.

रविवारी अकरा ते पाच. कोर्टानं माझ्या पदरात एवढंच टाकलंय, आणि दिवाळी-मेची अर्धी सुट्टी. तेही आता एका गणितापायी जाणार. मी राहात्याला परत येताना एसटीत विळद घाटापर्यंत खिडकीला डोकं लावून बसलो. रडलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं तंबाखू पुढं केली.

२१ जुलै, सोमवार

कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, राग आला की बोलू नका, लिहा. तेव्हा हसलो होतो. आता लिहितोय. निदान वही उलट बोलत नाही.

आज प्लायचा अख्खा शीट चुकीचा कापला. डोकं ठिकाणावर नव्हतं. स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

अपूर्णांक मला शाळेत आलेच नव्हते. आयटीआयला सूत शिकलो आणि गंगेत घोडं न्हालं. आता तेच घोडं उलटं फिरलंय.

घरमालकांची सून, वैशाली वहिनी, डी.एड. झाल्यात. नोकरी नाही, ओट्यावर पोरांच्या शिकवण्या घेतात. संध्याकाळी जाऊन म्हटलं, "वहिनी, सहावीचं अपूर्णांक शिकवाल का?"

"कुणाला? समीक्षा राहायला आली का काय?"

"मला."

त्या हसल्या नाहीत. खरंच बरं वाटलं. "उद्या सहाला या," म्हणाल्या. "वही आणा."

२४ जुलै, गुरुवार

ओट्यावर सतरंजी, पुढं पोरं, मागं मी. मांडी घातली की गुडघा खांबाला लागतो. एक टग्या म्हणाला, "काका, तुमी नापास झाल्ता व्हय?" म्हटलं, व्हय रं बाबा, लई वेळा.

पहिले दोन दिवस डोक्यावरून गेलं. मी आपला आठात बसवायला बघतोय. तृतीयांश आठात बसत नाही, पंचमांश आठात बसत नाही. म्हटलं, वहिनी, हे अपूर्णांकच चुकीचे हायेत.

वहिनी म्हणाल्या, "दादा, एक फळी इंचात मोजली अन् दुसरी सेंटिमीटरमधी, तर सरळ वजा करता का?"

"न्हाई. आधी एका मापात आणतो."

"मग हितं तरी दुसरं काय हाय? पन तुमी आठाला धरून बसलात. आठ तुमच्या टेपेचा हाय, गणिताचा न्हाई. दोघांना चालंल असं माप शोधा. एकाचे तीन भाग, एकाचे दोन. दोघांना काय चालंल?"

मी म्हटलं, सहा.

मग दोन तृतीयांश म्हणजे सहातले चार. अर्धा म्हणजे सहातले तीन. चारातून तीन गेले, एक. एक छेद सहा! अंदाजे नाही, थोडं वर नाही, नेमकं. आयला, मी ओरडलोच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो टग्या म्हणाला, काका पास.

हे मला बाराव्या वर्षी कुणी असं का नाही सांगितलं.

२७ जुलै, रविवार

वेगवेगळ्या भागांच्या पट्ट्या करून नेल्या, पातळ प्लायच्या. एक तीन भागांची, एक चार, एक सहा, एक बारा. कडा पॉलिश पेपरनं घासल्या, समीच्या बोटात कुसळ जायला नको.

बागेत बाकावर मांडल्या. सुरुवातीला तोंड वाकडं. "पप्पा, परत सूत?" म्हटलं, सूत मेलं. आता आपण बाईंच्या वरताण.

तासाभरात तिला येऊ लागलं. माझ्यापेक्षा दसपट लवकर. मी विचारलं, पाच छेद सहा वजा एक छेद चार? पट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. "दहा छेद बारा वजा तीन छेद बारा. सात छेद बारा." आणि मग एकदम, "पप्पा! सातबारा!"

दोघं एवढे हसलो की बागेतली माणसं बघायला लागली. मी म्हटलं, आपल्या नावावर तेवढाच सातबारा. तिनं पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली, येडी.

गाडी मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही हसतच होतो. राहुरीच्या पुढं हसू गेलं. खोलीवर कुणी नसतं हे दर वेळी नव्यानं कळतं.

१० ऑगस्ट, रविवार

गुणाकार.

समीनं मला पेचात धरलं. "गुणाकार केला की वाढतं ना? तीन गुणिले चार बारा. मग अर्धा गुणिले अर्धा पाव कसा? कमी कसं होतं?"

ओट्यावर मीही हेच विचारलं होतं. वहिनींनी सांगितलेलं तिला सांगितलं. गुणिलेच्या जागी 'चा' वाच. अर्ध्याचा अर्धा. रद्दीचा पेपर घेतला, मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला. उलगड म्हटलं. चार चौकोन. यातला एक तुझा. कमी झालं नाही गं, वाट्यातला वाटा काढला.

ती त्या घड्यांवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "म्हणजे दिवाळीसारखं."

"कसं?"

"अर्धी सुट्टी तुमच्याकडं. त्यातली अर्धी आत्या येऊन तिच्या गावाला नेते. म्हणजे तुम्हाला पाव."

कुरकुर नाही, रडणं नाही. गणित सोडवल्यासारखं बोलली. मी भेळ आणतो म्हणून उठलो आणि गाड्यापाशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. त्या भेळवाल्यानं दोनदा विचारलं, तिखट किती.

आत्याला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोन करून सांगायचं. यंदा नको नेऊस.

२४ ऑगस्ट, रविवार

घटक चाचणीत पैकीच्या पैकी! अपूर्णांकाच्या प्रश्नात एकही खोडाखोड नाही. बाईंनी शेवटी लिहिलंय, 'उत्तम, पद्धत अतिशय स्पष्ट.'

सु. फाटकात. आज पेपर तिनंच दाखवला. म्हणाली, "कुणी शिकवलं?" समी म्हणाली, "पप्पांनी. पट्ट्या करून आणतात." सु.नं माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी सरळ बघितलं. "बरं," म्हणाली. "रविवार राहू दे मग."

राहू दे मग. एवढेच शब्द. पण मी राहात्याला येऊन वहिनींच्या घरी पेढे दिले, पोरांना वाटले, टग्याला दोन दिले. वहिनी म्हणाल्या, "दादा, तुमीच पास झाल्यासारखं करताय." म्हटलं, झालोच की.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते कसं लिहू.

समीच्या गणिताच्या बाईंनी सु.ला बोलावून घेतलं होतं. पोरगी हुशार आहे, इथं ठेवू नका. साताऱ्याच्या पुढं मुलींची एक निवासी शाळा आहे, सातवीपासून घेतात, फी जवळजवळ नाही, प्रवेश परीक्षा नोव्हेंबरात. बाई म्हणाल्या, हिचं अपूर्णांकाचं काम बघून खात्री पटली.

अपूर्णांकाचं काम बघून!

सु. चांगलं बोलली. भांडली नाही. "तुम्हीच तिला इथवर आणलं," म्हणाली. मला आत बोलावून चहा दिला.

तिथं भेट महिन्यातून एकदा. एका रविवारी, दुपारी, आईबापांनी मिळून यायचं. महिन्यातल्या चार रविवारांतला एक, त्यातली फक्त दुपार, आणि त्या दुपारीही निम्मी पोर आईची. मी येताना गाडीत ते सगळं गुणत बसलो. आता गुणाकार येतो ना मला. पद्धत अतिशय स्पष्ट.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी सुतार. दांडा मीच तासला.

२९ सप्टेंबर

काही लिहायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

समी जायचं म्हणते. तिथं मोठी प्रयोगशाळा आहे, पोहायला तलाव आहे. फोनवर फोटो दाखवत होती. तलावाशी आली की आवाज चढायचा आणि माझ्याकडं बघितलं की उतरायचा. पोरीला माझ्यासमोर आनंदसुद्धा मोजून मापून दाखवावा लागतोय.

मी म्हटलं, मस्त आहे की गं. पोहायला शीक आणि मला शिकव.

आता दर रविवारी परीक्षेची तयारी घेतोय. सगळे जुने पेपर. माझ्याच हातानं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची समी राहात्यात. बहीण यंदा आली नाही, मी आधीच सांगितलं होतं. अख्खी अर्धी सुट्टी माझी.

सकाळी तिनं वहिनींच्या ओट्यावर पोरांना अपूर्णांक शिकवले. टग्याचे कान धरले. दुपारी माझ्याबरोबर दुकानात. दाराच्या चौकटीला पॉलिश पेपर मारत होती, केसात सगळा भुसा.

मधेच हात थांबवून म्हणाली, "मी गेले तर रविवारी तुम्ही काय करणार?"

"काय करणार? झोपंन तंगड्या वर करून."

"खरं सांगा."

आणि मी येडझवा, खरं सांगितलं. म्हटलं, "मला काही सुचणार नाही गं समे. सोमवारपासून मी रविवारच्याच वाटेवर असतो."

ती चौकट घासत राहिली. मग म्हणाली, ही बाजू झाली.

तोंडातून निघून गेलं. बारा वर्षांच्या पोरीपुढं बोलायची गोष्ट होती का ती? पण तिनं विचारलंच अशा आवाजात.

१६ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा झाली. सु. आणि समी गाडी करून गेल्या, दिवसभर तिकडंच. म्हणजे आजचा रविवार नाही.

संध्याकाळी फोन. "पप्पा, झाला पेपर." कसा गेला? "गेला." खुशीत होती. एवढी खुशीत की मी म्हटलं, झालं, पोरगी गेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निवड नाही. थोडक्यात राहिली. काठावरच्या मुलींना पुन्हा बोलावलंय, १४ डिसेंबरला दुसरा पेपर.

कळलं तेव्हा मी शिर्डीत एका लॉजच्या खोलीत कपाट बसवत होतो. आधी वाटलं, सुटलो. खरं तेच लिहितो. आधी वाटलं, सुटलो रे देवा, रविवार वाचले. मग स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

नंतर सु.नं व्हॉट्सॲपवर तपासलेल्या पेपराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे काय आहे? तुमच्याकडं तर सगळं येत होतं."

पाच छेद सहा वजा एक छेद चार. समीनं पाचातून एक काढला, वर चार. सहातून चार काढले, खाली दोन. चार छेद दोन. उत्तर, दोन.

पूर्ण एकसुद्धा नव्हता, त्यातून काढलं, आणि उरले दोन! वहिनींच्या ओट्यावर नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी करतं ही चूक. खालच्या गणितात तीन छेद चार गुणिले दोन छेद तीन. तिथं वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. पाच छेद सात. झोपेत विचारलं तरी अर्धा सांगेल ती.

आणि अक्षर किती सुंदर. कुठं घाई नाही, खोडाखोड नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

बागेत तोच बाक. तिला काहीच विचारलं नाही आधी. भेळ खाऊन झाली. मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पाच छेद सहा वजा एक छेद चार?

"सात छेद बारा." पटकन. तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं तिला. मान खाली.

तीच म्हणाली, "मम्मीला सांगू नका."

"का केलंस?"

"मला वाटलं तुम्हाला आवडेल."

मग सगळं सांगितलं. बाकीचा पेपर नीट सोडवला, फक्त ही गणितं चुकवली, कारण हीच आपली होती. हे असं म्हणाली ती, आपली. पट्ट्यांवरची. मम्मीला संशय नको म्हणून बाकीचं चांगलं लिहिलं. "आता रविवार राहणार ना पप्पा?" आणि हसली. वर बघून हसली.

मी तिला जवळ घेतलं. काय करणार होतो दुसरं? आनंद झाला, का खोटं लिहू. आयुष्यात कुणी माझ्यासाठी एवढं सोडलेलं नाही. आणि त्याच दमात कळलं, काय सोडलं ते. तलाव, प्रयोगशाळा, सगळं माझ्यावरून ओवाळून टाकलं तिनं. बारा वर्षांची आहे ती.

सावेडीत सु. म्हणाली, "दुसऱ्या पेपरला ती बसत नाही म्हणते. तुमचं ऐकते, तुम्ही समजवा." डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. दवाखान्यातल्या लॅबमधे दोन-दोन पाळ्या करते. म्हटलं, समजावतो.

३ डिसेंबर, बुधवार

वहिनींना सगळं सांगितलं. ओट्यावर पोरं नव्हती.

म्हणाल्या, "तिला सांगा ना, मला चालंल म्हणून."

"ती मानणार न्हाई वहिनी. दिवाळीत खरं बोलून बसलो. आता मी चालंल म्हटलं की ती माझ्या तोंडाकडं बघंल अन् ओळखंल."

"मग?"

मग काय. तिनं रविवार राखायला म्हणून चुकवलं. राखायला रविवारच नसला तर चुकवायचं कारण उरत नाही. एवढी वजाबाकी मला येते.

वहिनी म्हणाल्या, "दादा, असं नका करू. पोरीच्या मनाला लागंल." त्यांनी पदर तोंडाला लावला. मी उठून आलो.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

म्हटलं, समे, मला शिर्डीत मोठं काम लागलंय. लॉजचं. रविवारीच करायचं असतं.

"दर रविवारी?"

"हो."

"मग माझ्याकडं?"

"जमेल तसं येईन. महिन्यातून एखाद वेळी."

"नाही म्हणून सांगा त्यांना."

"मीच मागून घेतलं गं काम. चांगलं आहे."

बराच वेळ बघत होती माझ्याकडं. मी टेप काढून उगाच बाकाची रुंदी मोजत बसलो. मग ती हळू म्हणाली, "मग मी कशाला चुकवलं?"

तेव्हा जीभ नुसती वळवळत होती. खोटं आहे गं समे, सगळं खोटं आहे, मी मरेपर्यंत दर रविवारी या बाकावर येऊन बसेन. बोललो नाही. म्हटलं, "यावेळी नीट सोडव. तिथं तलाव आहे."

"मला माहितीय तिथं काय आहे," म्हणाली.

भेळ नको म्हणाली. तीनलाच घरी सोडा म्हणाली. रिक्षात माझ्या बाजूला बसली नाही, पिशवी मधे ठेवली. फाटकातून आत गेली ती वळली नाही. पोरगी रागावली तर रागावू दे, राग लवकर जातो, असं मनाला सांगतोय. मन ऐकत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सु.चा फोन. "समी म्हणते तुम्ही रविवारी काम घेतलंत. आत्ताच सुचलं? परीक्षेच्या तोंडावर? पोरगी जेवत नाही नीट. तुमचं नेहमीचंच आहे, गरज असते तेव्हा तुम्ही नसता."

खरं कारण ओठावर आलं होतं. पण ते सु.ला सांगायचं तर समीनं मुद्दाम चुकवलं हेही सांगावं लागणार. ते नको म्हणाली होती ती.

"हो," म्हटलं. "चुकलं."

फोन ठेवताना म्हणाली, "पेपरला बसते म्हणाली तेवढं बरं."

बसते म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी उठलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मग आठवलं की नगरला जायचं नाही. स्टँडपर्यंत चालत गेलो. अकराला तिथं पोचवणारी गाडी लागली होती. गेली. दुकान उघडून बसलो. काम काही नाही, लॉजबिज काही नाही. रविवारी राहात्यात मी काय करतो मलाच माहीत नाही.

वहिनी डबा देऊन गेल्या.

पेपर अकरा ते एक. एक वाजला, दीड वाजला. पावणेदोनला सु.चा फोन. "झाला पेपर. बाहेर आलीय. बोलत नाही काही. तुमच्याशी बोलते का विचारलं तर हो म्हणाली, देते."

"पप्पा."

"बोल गं."

"कामावर आहात?"

"हो. कामावरच."

मागं पोरींचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"तुमच्याकडं मशीनचा आवाज येत नाही," समी म्हणाली.

मी फोन कानाला लावून उठलो, बटण दाबलं. कटर सुरू झाला. खाली लाकूड नाही, काही नाही.

"आला का?" मी ओरडलो. "आता आला का आवाज?"

ती काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? पुन्हा बोल. मग ती मोठ्यानं म्हणाली, "पेपर कसा गेला ते विचारलं नाहीत तुम्ही."

"कसा गेला? गणितं कशी सोडवलीस समे?"

"तुम्ही सांगा," म्हणाली. "कशी सोडवायला पाहिजे होती?"

मी कटरकडं बघत राहिलो. तिला म्हटलं, "बरोबर. बरोबरच सोडवायला पाहिजे होती."

फोन चालू होता की कट झाला होता, त्या आवाजात कळलं नाही.